मुलानं सेट करून दिलेला फोन

प्रिय टाचणी,

पाकीट बघून आधी घाबरली असशील. हल्ली हातानं पत्ता लिहिलेलं पाकीट दारात पडलं की वाटतं, कुणीतरी गेलं. तसं काही नाही. मी धडधाकट आहे. मनगटाचं प्लास्टर कधीच निघालं, आणि मूठ इतकी घट्ट वळते की तुझा कान पिळला तर तू गल्ली गोळा करशील. अक्षर वेडंवाकडं आलंय, पण त्यात मनगटाचा दोष नाही, लिहायची सवयच गेली. सांभाळून घे. आणि हे दुकानात गिऱ्हाइकांसमोर उघडू नकोस. तुला मोठ्यानं वाचायची खोड आहे आणि यातलं काहीही लोकांच्या कानावर घालण्यासारखं नाही.

आधी दुकानाचं सांग, माझा जीव तिथेच अडकलाय. पाटी लागली का? समोरची फळी सुतारानं शेवटी सरळ बसवली का? आपण दोघींनी उभा जन्म दुसऱ्याच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवण्यात घालवला. एकसारख्या बाह्या, एकसारख्या कॉलरी, समोर मुकादमाचा एकसारखा आंबट चेहरा. आता कुठे आपलं स्वतःचं दुकान होणार होतं. तयार कपडे उसवून मापात करून द्यायचे, चेन बदलायच्या, अस्तर लावायचं. दाराजवळचं मशीन तुझं, कारण तुला येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा हव्यात. खिडकीखालचं माझं. वर माझ्यापुरती एक खोली. दुकानाला रंग लागत होता आणि मी तिथल्याच पायरीवरून घसरले. हात बरा झाला की येते, असं सांगून मी मुलाबरोबर इकडे आले. ते दुसरं मशीन अजून रिकामं आहे की तू त्यावर कुणाला बसवलंस, एवढंच मला कळायला हवंय. आणि नेमकं तेच तुला विचारायची सोय इथे राहिलेली नाही.

इथे तसं काही कमी नाही. घर उंचावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात आणि त्यांच्यातून बहुतेक आमच्या. खाली पाहिलं की माणसांची नुसती डोकी. मुलगा घरूनच काम करतो. त्याच्या खोलीचं दार उघडं असतं, कानावर ती मोठी यंत्रं चढवून तो दिवसभर कुणाकुणाशी बोलत असतो. मध्येच मान वळवून बघतो, मी दिसले की हसतो, पुन्हा कामाला लागतो. मी स्टुलावर चढले की तो उठून येतो. सुरी घेतली की येतो. खाली जरा फिरून येते म्हटलं की काम टाकून चपला घालतो. मला तळहातावरच्या फोडासारखं जपतो गं. दाराला कुलूप नाही, कुणी कधी चढा आवाज केला नाही, आणि तरी मला सारखं वाटतं की मापाला लावलेल्या कपड्यासारखं मला कुणीतरी चहूबाजूंनी टाचून ठेवलंय. हललं की टोचतं. तक्रार तरी कुणाची करणार? ऐकणारा म्हणेल, म्हातारीला सुख बोचतंय.

तो असा का झाला हे तुला माहीत आहे. त्याचे वडील मोरीत पडून गेले तेव्हा मी कारखान्यात होते आणि तो परीक्षेला गेला होता. घरात कुणी नव्हतं. त्याविषयी तो कधी एक अक्षर बोलला नाही. मी पायरीवरून पडल्याचा फोन गेला तेव्हा मात्र तो रातोरात आला आणि दवाखान्याच्या बाकावर माझा चांगला हात धरून बसला. मोठा बाप्या, पण सोडेचना. तेव्हा मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

इथे आल्या आल्या त्यानं माझा बटणांचा फोन काढून घेतला आणि हा काचेचा हातात दिला. एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसवून त्यानं मला ते निरोपांचं अ‍ॅप लावून दिलं. किती हौसेनं! आधी फोटो. मला आपला कारखान्याच्या दारातला हवा होता, गळ्यात टेप असलेला. तो म्हणाला, आई, त्यात तू दमलेली दिसतेस. मग खिडकीपाशी उभं करून त्यानं नवा काढला. नावाखाली एक ओळ लिहायची असते, आपल्याविषयी. मी म्हटलं, लिही, शिवणकाम. त्यानं लिहिलं, मुलाकडे मजेत. मी हसले. पोरगं लिहितंय, लिहू दे. अक्षरं मोठी केली, मागे निळं आभाळ लावलं, निरोप आला की घंटा वाजेल असं केलं. घंटा मला शाळेच्या शिपायाची वाटली, म्हणून मी बदलून घेतली. आता टिकटिक वाजतं, मशीन हळू चालवल्यासारखं. माणसांचे गट करून दिले. आमचा एक गट आहे, त्याचं नाव घर, आणि त्यात आम्ही दोघंच. तो शेजारच्या खोलीतून त्यावर विचारतो, चहा? मी उठून ओट्याकडे जाते.

त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, हवं ते माणूस यादीत सगळ्यात वर टाचून ठेवता येतं. मी लगेच तुला टाचलं. नावापुढे खरंच बारकीशी टाचणी आली. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. तो विचारत राहिला काय झालं, पण त्याला काय सांगणार, हे आपलं जुनं आहे. शेवटी त्यानं माझा फोन आपल्या कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर धरला, काळ्या ठिपक्यांच्या चौकोनावर. टूं असा आवाज झाला. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, फोन हरवला तर तुझं सगळं जपून राहील. मला वाटलं, फोनची तपासणी झाली.

पहिले काही दिवस मजेत गेले. तुला मी बोलून निरोप पाठवायचे, तू तुझ्या मशीनची घरघर मागे ठेवून उत्तर द्यायचीस. मग गमती व्हायला लागल्या. मी नणंदेला कळवलं की गुडघा धरलाय, आणि जरा वेळानं मुलगा गरम पाण्याची पिशवी घेऊन दारात उभा. मला केवढं कौतुक! न सांगता ओळखतो. नणंदेलाच पुन्हा कळवलं की इथल्या गादीत मी रुतून बसते, तर दुसऱ्या दिवशी नवी कडक गादी. खालच्या लॉन्ड्रीवालीशी माझी ओळख झालीय, ती अधूनमधून अडलेली शिवण दाखवते. तिला मी निरोप धाडला की काज करायला बसते तुझ्याकडे दुपारची. संध्याकाळी हा म्हणतो, आई, तुझ्या मनगटाला अजून विश्रांती हवी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ज्याला मायेचं अंतर्ज्ञान समजत होते, तो त्या काळ्या चौकोनाचा प्रताप होता. माझं सगळं त्याच्या पडद्यावर उघडं होतं. कुणाला काय बोलले, कधी वाचलं, कधी जागी होते.

मी भांडले असेन असं तुला वाटेल. मी, जी मुकादमाच्या तोंडावर कात्री आपटून आले होते! नाही भांडले. त्याच्या दारात गेले, तोंड उघडलं, आणि त्यानं कानांवरचं ते यंत्र काढून इतक्या काळजीनं बघितलं की मी विचारलं, चहा करू का. तेव्हापासून मी फोनमध्ये जपून बोलायला लागले. गुडघा बरा आहे. गादी छान आहे. हवा चांगली आहे. स्वतःच्याच फोनमध्ये मी पाहुण्यासारखी वागू लागले. पुढे पुढे तर गोड बोलायची इतकी सवय झाली की तोंडानंही तेच यायला लागलं. याची मला जास्त भीती वाटली.

आणि मग तू गप्प झालीस. सकाळी फोन उघडला तर यादीत वर तू नाहीस. टाचणी नाही, नाव नाही. माझंच बोट कुठेतरी लागलं असेल म्हणून मी मुलाला विचारलं. तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, तिनं नंबर बदलला असेल. मी फोन लावायला गेले तर नंबर पाठ कुठे होता? पूर्वी कितीतरी पाठ असायचे. दिवसामागून दिवस गेले. मी तुझ्यावर चिडले, मनातल्या मनात तुला नको नको ते बोलले. म्हटलं, दुकान सुरू झालं, बाईसाहेबांना आता कशाला आठवतेय मी. मग रडलेही. नळ सोडून, म्हणजे त्याला ऐकू जाऊ नये.

मागच्या आठवड्यात अक्षरं आणखी मोठी करता येतात का बघत होते. बोटानं यादी खाली ओढली गेली आणि वर एक कप्पा उघडला. नकोशा गोष्टी न फेकता नजरेआड ठेवायचा कप्पा असतो त्यात. कप्प्यात एकच नाव होतं, तुझं. आवाज बंद केलेलं. तू किती लिहिलंयस! अजून न लागलेल्या पाटीचा फोटो, तिरक्याच बसलेल्या फळीचा फोटो, खिडकीखालच्या माझ्या मशीनचा फोटो, त्यावर तू झाकून ठेवलेला फुलाफुलांचा कपडा. कधी येतेस? मशीन ठेवू का? अगं, हो की नाही ते तरी सांग. आणि त्याखाली माझ्या नावानं, माझ्या त्या खिडकीपाशी काढलेल्या फोटोसकट, उत्तर. आता माझं येणं होणार नाही. हात पूर्वीसारखा राहिला नाही. तू दुसरं कुणीतरी बघ. मला इथेच राहायचंय, मी गेले तर पोरगं एकटं पडेल. मला पुन्हा विचारू नकोस. त्यावर तुझं एकच, बरं. आख्ख्या आयुष्यात तू इतकं थोडक्यात कधी बोलली नाहीस.

टाचणी, त्यातलं एकही अक्षर माझं नाही. हात उत्तम आहे. मला यायचंय. हे सांगायला पत्र लिहिलं असं तू म्हणशील, आणि अर्धं खरंही आहे, कारण फोनवरून सांगितलं तर तुझ्याआधी तोच वाचेल. पण फक्त तेवढंच असतं तर त्या कप्प्यातला तुझा नंबर लॉन्ड्रीवालीच्या फोनवरून लावून मी कधीच बोलले असते. खरी गोष्ट अशी की ते उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि रागारागानं वाचतानाच त्या एका ओळीवर थांबले. पोरगं एकटं पडेल. हे त्यानं मला कधी म्हटलं नाही. वडील गेले तेव्हा नाही, मी पडले तेव्हा नाही. म्हणायला त्याला माझं नाव घ्यावं लागलं. माझं सगळं अवसानच गळालं गं. दोन-तीन दिवस मी ठरवूनही टाकलं होतं की राहते इथेच, त्याच्या नजरेसमोर, मजेत. मी अशीच आहे, तो कळवळून बघायला लागला की मी चहा टाकते. येत्या रविवारी जेवताना मी त्याला तोंडावर सांगणार आहे की मला सगळं कळलंय, मी जाणार आहे, आणि त्याला वाटेल तेव्हा त्यानं आपल्या आईकडे यावं. तो रडेल. मी विरघळेन. फोनमध्ये लिहिलेलं असतं तर त्याच रात्री पुसूनही टाकलं असतं, दोन्हीकडून पुसता येतं, मी शिकलेय. म्हणून आत्ता, तो कानांवर यंत्र चढवून बोलतोय तेवढ्यात, खाली कोपऱ्यावरच्या पेटीत हे टाकून येते. एकदा आत पडलं की माझा हात तिथवर पोचणार नाही. मशीन दुसऱ्या कुणाला दिलं असलंस तरी पाकिटामागच्या पत्त्यावर ये, आणि दारात उभी राहून मी नको, राहू दे म्हणाले तर माझं ऐकू नकोस, मला घेऊन जा.

तुझीच,
बॉबिन