नळीवरचा जुना आकडा

प्रिय आर्ची,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही, कारण बहिणीच्या नवऱ्याला दुसरं काय लिहायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. मी शाळा तिसरीतच सोडली, हे बारमध्ये सगळ्यांना तूच तर सांगायचास. मंगळवारी तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा माझा आवाज ऐकलास आणि फोन आपटलास. म्हणून आज, गुरुवारी, हे पाकीट टपालगाडीवाल्या बर्टच्या हातात देतोय. त्याला बजावलंय, म्हातारा दार उघडून स्वतः हातात घेईपर्यंत जागचा हलू नकोस, त्याची मेंढ्या वळायची कुत्री कितीही भुंकली तरी. तुझी किर्स्टी शनिवारी खोऱ्यात शिकारीला निघणार आहे. त्याआधी हे शेवटपर्यंत वाच. मग हवं तर चुलीत घाल.

तर ती बंदूक तळ्यात नाहीच. अडतीस वर्षं मी समजत होतो की ती हावेआच्या तळाशी गाळात पडलीय. तूच शपथेवर सांगितलं होतंस, होडीतून मध्यावर जाऊन बुडवली म्हणून. सोमवारी सकाळी तुझी नात माझ्या दुकानात आली आणि तीच बंदूक तिनं टेबलावर ठेवली. तुला सांगतो, मेलेला माणूस परत येऊन चहा मागायला लागला तर जसं वाटेल तसं मला झालं. पोरगी छान उंच झालीय, चालते अगदी आजीसारखी, एल्स्पेथसारखी, खांदा जरा पुढे काढून. म्हणाली, “लॉकीमामा, सातच्या मावझरची दोन डबे काडतुसं द्या. आजोबांनी बंदूक दिली, बरोबर तंबाखूच्या डब्यात अकरा काडतुसं दिली होती, ती संपली.” मी विचारलं, कुठली देऊ? तिनं नळीवर बोट ठेवलं. “हे काय, लिहिलंय की. सात बाय सत्तावन्न.” मीसुद्धा एकदा तेच वाचलं होतं आर्ची. तेव्हा वाचायला मला दोन डोळे होते.

मी सत्तावन्नचं एक काडतूस चेंबरमध्ये सोडून तिला दाखवलं. बापाच्या गमबुटात पोराचा पाय घालावा तसं ते आत खुळखुळलं. म्हटलं, बाई, काडतूस बसायची ही जागा, हे चेंबर, कुणीतरी कापून लांब केलंय, सत्तावन्न मिलिमीटरचं त्रेसष्टचं. नळीवरचा आकडा जुनाच राहिलाय. आजोबांनी दिलेली अकरा त्रेसष्टचीच असणार, म्हणून चालली. यात सत्तावन्नचं घालून घोडा ओढलास तर पुंगळी आत फाटेल आणि सगळी आग बोल्टमधून तुझ्या तोंडावर येईल. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग जे बोलली ते शेवटी लिहितो.

आधी तू आठव. एकाच पेटीतून आलेल्या दोन बंदुका आपण घेतल्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. लोक आपल्यालाही जुळेच म्हणायचे. त्या हिवाळ्यात चेंबर कापायच्या माझ्या रीमरचा एक दात किंचित तुटला होता, म्हणून मी तो धार लावायला पाठवायच्या खोक्यात टाकला होता. तू तो न विचारता नेलास. का, तर पुढच्या हंगामात लांबच्या दरडीवरचा हरणाचा नर लॉकीच्या आधी पाडायचा म्हणून! अरे, मागितला असतास तर मी स्वतः कापून दिलं असतं, आणि नेम कुठे चुकतोस तेही सांगितलं असतं. कापलंस ते कापलंस, कामही वाईट नव्हतं, हे कबूल करताना मला पोटात दुखतं. पण जुना आकडा छिन्नीनं मारून टाकायचा आणि शेजारी नवा ठोकायचा, हे पाच मिनिटांचं काम तू केलं नाहीस. नवा आकडा माझ्या नजरेला पडला असता ना! आपल्या धंद्यात नळीवरचा ठसा म्हणजे माणसाचा शब्द. दुसरा माणूस त्याच्यावर विसंबून गाल दस्त्याला लावतो.

एप्रिल होता, नर रात्रंदिवस ओरडत होते. नदी ओलांडताना माझ्या बंदुकीचा दस्ता खडकावर फुटला. तू झोपडीत लापशी ढवळत बसला होतास, मान वर न करता म्हणालास, “माझी ने की, दोन्ही सारख्याच आहेत.” सारख्याच! माझ्या खिशात माझीच सत्तावन्नची काडतुसं होती. गोळी आत गेली, बोल्ट मिटला, बंदुकीनं जराही कुरकुर केली नाही. पुढचं मला आवाजासकट आठवतं, पण ते तुला सांगायला नको, तू धावत आला होतास. मला पाठीवर घेऊन तू नदी तीनदा ओलांडलीस. बर्फाचं पाणी तुझ्या छातीपर्यंत होतं आणि तू सारखा म्हणत होतास, “झोपू नको लॉक, शिव्या दे मला, शिव्या दे.” ते मी विसरलेलो नाही. एखाद्या हलकटानं केलं असतं तर मी केव्हाच विसरून गेलो असतो.

पण चार दिवसांनी पोलीस शिपाई आला, आणि तू त्याला सांगितलंस की चेंबर लॉकीनंच कापलं होतं, ठसा मारायचा तोच विसरला. मी तेव्हा डोळ्याला पट्ट्या बांधून इस्पितळात होतो. बाहेर आलो तोवर गोष्ट साऱ्या खोऱ्यात पोचली होती. “ए लॉकी, एका डोळ्यानं किती वाचता येतं रे?” “बंदूक दुरुस्त करून देतो की म्हातारीचा चष्मा?” हे मी बारमध्ये ऐकलं, आणि तू त्याच टेबलावर ग्लासात बघत बसला होतास. गिऱ्हाईक तुटलं. सात वर्षं मी लोकरकापणीची यंत्रं आणि दुधाचे पंप दुरुस्त करून पोट भरलं. सुरुवातीलाच तोंड उघडणार होतो, पण एल्स्पेथ आली. तिला तिसरं मूल होणार होतं. म्हणाली, “दादा, तू बोललास तर त्याला तुरुंग होईल. मी आहे तोवर गप्प राहा.” मी राहिलो. दोन वर्षांपूर्वी तिला पुरलं, तेव्हा तू खड्ड्याच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला. तू वर पाहिलं नाहीस. माती टाकायला फावडं माझ्या हातात द्यायचं होतं, तर तेही तू जमिनीवर ठेवलंस.

माझं बरं चाललंय, विचारणार नाहीस तरी सांगतो. गुडघे गेलेत, यंदा बटाटे चांगले आले, किआ पक्ष्यांनी शेडच्या छपराचे खिळे उपटलेत. तुझ्यावरचा राग रोज सकाळी लापशीबरोबर ताजा करतो. मला तुझी माफी नको. ती आता माझ्या काय कामाची? डोळा उगवणार नाही, आणि लोकांनी मला काय म्हणावं याच्याशी या वयात मला घंटा देणंघेणं नाही. पत्र त्यासाठी नाही.

किर्स्टी काय म्हणाली ते लिहितो. तिनं काडतूस चेंबरमधून काढून माझ्यासमोर ठेवलं, बंदूक उचलली आणि अगदी मऊपणे, माझी कीव करत म्हणाली, “लॉकीमामा, राग मानू नका. तुम्ही स्वतः कापलेल्या चेंबरनं तुमचा डोळा गेला हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून तुम्हाला प्रत्येक बंदुकीत खोट दिसते, आजी पण म्हणायची. मी डबे क्रॉमवेलहून घेईन.” आणि गेली. मी रस्त्यापर्यंत मागे गेलो, हाका मारल्या, तिनं गाडीतून हात हलवला. काल परत तिच्या दारी गेलो, तर तिच्या नवऱ्यानं मला चहा पाजून परत पाठवलं, वेड्याला पाठवतात तसं. आर्ची, खरं मी जितकं जोरात सांगीन तितका मी तिला वेडा वाटेन, एवढी पक्की बांधलीस तू ती गोष्ट. तिला पटेल ते फक्त तुझ्या तोंडून. पाकिटात ती फाटलेली पुंगळी आहे. अडतीस वर्षं माझ्या खणात होती. तिच्या अंगावर केसाएवढी एक रेघ आहे, माझ्या रीमरच्या तुटक्या दातानं चेंबरात पडलेल्या ओरखड्याची. तू तिला तंबाखूच्या डब्यात दिलेल्या काडतुसांच्या प्रत्येक रिकाम्या पुंगळीवर तीच रेघ असेल, म्हणजे माझा डोळा घेणारी बंदूक हीच. दोन्ही तिच्या तळहातावर ठेव, तिचं नख त्या रेघेवरून फिरव, आणि चेंबर कुणी कापलं ते सांग. आज सांग, शनिवारी नको. मग बंदूक घेऊन ये. नवा आकडा ठोकायचे ठसे मी तेलानं पुसून ठेवलेत. नळी मी धरीन, हातोडी तूच मारायचीस.

तुझाच, आणि हे सांगायला मला अजिबात आनंद होत नाही,
लॉकी