देवगाव फाट्यावरचा पहिला नंबर

बाबा,

यंदा जगातली सर्वोत्तम नवी गाडी कोणती ठरली, ते आज तुमच्या नातीनं मला मोबाईलवर दाखवलं. वेगवेगळ्या देशांतले परीक्षक म्हणे गाड्या स्वतः चालवून बघतात आणि मग नंबर काढतात. वाचलं आणि तुमची आठवण आली, आणि तिच्या मागोमाग राग. एवढ्या वर्षांत तो निवायला हवा होता. निवला नाही.

देवगाव फाट्यावर तुमचं गॅरेज. दुरुस्तीला आलेल्या कुण्या साहेबाच्या गाडीत तुम्हाला जुनं विलायती मासिक मिळालं, त्यात अशाच बक्षिसाचा फोटो होता. ते तुमच्या डोक्यात बसलं. दसऱ्याला सगळे आपापल्या गाड्या पुजायचे. आपल्या बौद्धांच्या घरात ती पूजा नव्हती, म्हणून त्या दिवशी तुम्ही नव्या गाड्यांचा नंबर काढायला लागलात. मला मागच्या सीटवर बसवायचं, मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या द्यायचा आणि सेलूच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून गाडी हाणायची. जिच्यात कमीत कमी पाणी सांडेल ती पहिली, तिला झेंडूचा हार. भले भले जमीनदार निकालाची वाट बघत ताटकळायचे. "आत कोण बसतंय ते बघायचं न्हाई, गाडी बघायची," तुम्ही म्हणायचात. मला तुमचा केवढा अभिमान होता.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्याच पावसाळ्यात आत्याच्या गावातली आपली वस्ती जाळली. आत्या अंगावरच्या लुगड्यानिशी आपल्याकडे आली. चुलीपुढे बसून तुम्हाला म्हणाली, "पांढऱ्या मोटारीतून आलते रे. रॉकेलचे डबे तिच्यातूनच उतरवले. म्या डोळ्यानं पाह्यलं." तसली नवी कोरी मोटार साऱ्या पंचक्रोशीत एकाच मालकाकडे होती.

त्या दसऱ्याला ती फाट्यावर आली. मला वाटलं, तुम्ही तिला हात लावणार नाही. तुम्ही तांब्या भरून माझ्याकडे दिलात. "गाडीचा काय गुन्हा हाय?" नंबर तिचाच आला, आणि हार तुम्ही मला घालायला लावलात.

पुढे आत्याच्या तक्रारीवरून चौकशीला पोलिसांचे साहेब आले तेव्हा तो मालक गॅरेजातच खुर्ची टाकून बसला होता. हसत म्हणाला, "यांच्याच पोरीनं माझ्या गाडीला हार घातलाय, साहेब. आमच्यात वैर असतं तर घातला असता का?" साहेबांनी तुमच्याकडे पाहिलं. आत्यानंही पाहिलं. फडक्यानं हात पुसत तुम्ही एवढंच बोललात, "हार घातलाय, खरं हाय." चौकशी तिथंच मिटली. आत्या बोचकं घेऊन निघाली, ती पुन्हा आपल्या घरी आली नाही.

तुम्ही भ्यालात, की तुमच्या त्या न्यायावर तुमचा खरंच विश्वास होता? भ्याला असतात तर मी समजून घेतलं असतं. पण तुम्ही मला कधी काहीच सांगितलं नाहीत. तुमच्या बहिणीच्या विरोधात तुम्ही माझे हात वापरलेत, बाबा. याला मी दगाच म्हणते.

तुमच्या नंबराची गोष्ट नात मला पुन्हा पुन्हा सांगायला लावते. मी त्या दसऱ्याच्या अलीकडेच थांबते. हे लिहिलेलंही तिच्यापासून लपवूनच ठेवणार आहे. आपले आजोबा कुणालाच भीत नव्हते, असं ती मैत्रिणींना सांगत असते, आणि मी तिला अजून अडवलेलं नाही.