बाभळीखालची पोरगी

मार्च १९७४

प्रिय संपत,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मास्तरचं अक्षर चांगलं आणि पत्राचा आळस मोठा, हे तू लहानपणापासून ओळखून आहेस, तेव्हा रागावू नकोस. आमच्या बेबीनंदाच्या नव्या कुबड्यांसाठी तू बगलेपासून टाचेपर्यंतचं माप मागितलंस. तिनं त्याच दिवशी तुझ्या वहिनीकडून सुतळीनं माप घेतलं, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि सुतळी दप्तरात जपून ठेवली. पोलिओनं पाय वाळले, पण बाकीची पोरगी चांगली उंच झालीय रे. जुन्या कुबड्यांवर वाकून चालायची आणि मी म्हातारी म्हणून चिडवलं तर कुबडीनंच मला ढोसायची.

गावची शाळा सातवीला संपते. पुढं परतूर, आणि त्यासाठी फाट्यावरची एस.टी.ची सकाळची मोटार. बाकीची पोरं सायकलवर डबलसीट जातात, पण हिचे पाय चाकात जातात. मी उलट्या दिशेच्या गावात मास्तर, तुझी वहिनी उजाडायच्या आत मजुरीला. त्यामुळं फाट्यावर पोरगी एकटी. आपल्या फाट्यावर मोटार कधी थांबते ते तुला ठाऊक आहे, हात दाखवला तर. हिचे दोन्ही हात कुबड्यांवर. हात सोडला की ही खाली. दिवाळीपर्यंत अप्पाराव ड्रायव्हर होते, ते लांबूनच ओळखायचे. म्हणायचे, "सावकाश ये माय, मोटार काय पळून चाल्ली न्हाई." त्यांची बदली झाली. नवा माणूस नियमाचा पक्का. मी अर्ज घेऊन डेपोत गेलो. साहेब भला निघाला, चहा पाजला आणि म्हणाला, "गुरुजी, हात तर दाखवावाच लागतो." मी पोरीचं पुन्हा सगळं सांगितलं, तर त्यानं पुन्हा चहा विचारला.

मग मी शक्कल लढवली. फाट्यावरच्या बाभळीला लाल फडकं बांधलं आणि ड्रायव्हरला निरोप धाडला, की फडक्याखाली पोरगी दिसली की थांबत जा. निरोप पोचला की नाही देव जाणे. थोड्याच दिवसांत कुणीतरी शेजारी दुसरं फडकं बांधलं. मग बुडाशी धोंडा आला, धोंड्याला शेंदूर लागला, मंगळवारी नारळ फुटू लागले. छप्पन साली आपल्या वडलांनी घरातले देव नदीत सोडले, आणि त्यांच्या थोरल्या चिरंजीवानं फाट्यावर देवी बसवली. हस, मीही हसलो. फडकं सोडायला गेलो तेव्हा मात्र गावातली चार माणसं आडवी आली. तुमच्या वस्तीतल्यांनी देवीला हात लावायचा न्हाई, म्हणाली. त्यानंतर ड्रायव्हर बाभळीपाशी मोटार हळू करायचा, एक हात छातीला लावायचा आणि निघून जायचा. पोरगी तिथंच उभी असायची. नवसाला आली असं त्याला वाटत असेल.

पौषात एक दिवस ती खुशीत घरी आली. "बाबा, आज मोटार बराबर थांबली." मग रोजच थांबू लागली. मी म्हटलं, चला, माणसाला पाझर फुटला. पुढं एकदा न्हाऊ घालताना तुझ्या वहिनीनं तिची कोपरं पाहिली. सोलून निघालेली, खपलीवर खपली. मोटार दिसली की ती कुबड्या टाकायची आणि रस्त्याच्या कडेला पडायची. उभ्या पोरीसाठी मोटार थांबत नाही, पडलेल्या पोरीसाठी थांबते, हे तिनं एकटीनं शोधून काढलं होतं. माझं काळीज फाटलं, संपत. पडू नको म्हणालो, तर म्हणाली, "मंग शाळेत कशी जाऊ, तुम्हीच सांगा."

गेल्या सोमवारी ती पडली आणि मोटार थांबली नाही. मागचं चाक कुबड्यांवरून गेलं, दोन्हींचा चुरा झाला. ती वीतभर अंतरावर होती. मेंढ्या हाकणाऱ्या कचरूनं तिला पाठीवर घालून आणलं. आता ती भिंतीला धरून घरातल्या घरात फिरते आणि रोज विचारते, काकाला माप कळवलं का. आत्ता हे लिहितोय तर शेजारीच बसलीय. दप्तरातून सुतळी काढून तिनं माझ्या हातात दिली, पाकिटात घाला म्हणाली. तुला ती पाकिटात सापडणार नाही. नव्या कुबड्या आल्या की ती दुसऱ्याच सकाळी फाट्यावर जाऊन पडेल, मी माझ्या लेकीला ओळखतो. तू तिला निराळं कार्ड टाक. माप टपालात हरवलं, असं लिही. ती नव्यानं माप घेईल. तेही हरवू दे.

तुझाच,
दादा