बारा व्होल्टची तयारी

२ सप्टेंबर १९९१, सोमवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी, म्हणजे आजपासून शिस्त. बदली होऊन गेलेल्या, धरणावरच्या इंजिनिअर साहेबांची शिडाची होडी घेतली, त्याला महिना झाला. भैंसा गावाच्या आसपास शिडाची होडी असलेला किराणा दुकानदार दुसरा नसावा. सोबत डोलकाठीवरचा दिवा आणि बारा व्होल्टची बॅटरी. बॅटरी पार उतरलेली. चार्जर मात्र साहेब घेऊन गेले.
धरणाच्या पाण्यापलीकडच्या काठावरून मेहुण्याचा, महिपतचा निरोप आला. सासूबाई न्हाणीत पडल्या, कमरेचं हाड मोडलं, लेकीला बघायचं म्हणतात. तिकडचा पूल पावसात वाहून गेल्यापासून बस बंद, म्हणजे पाण्यातूनच जाणं आलं. बायकोला, जयवंताला शब्द दिला: याच आठवड्यात, आपल्या होडीने. फक्त चार्जर आणायचा.

५ सप्टेंबर.
भैंशाला जाऊन आलो. चार्जर चार अँपिअरचा, सहाचा की दहाचा? काट्याच्या मीटरचा की बिनमीटरचा? असले निर्णय घाईने घेत नाहीत. वहीत तक्ता आखला. जयवंताने विचारलं, कधी निघाचं. रविवारी, म्हटलं.

८ सप्टेंबर, रविवार.
होडीची पाहणी केली. काठावरूनच. आत उतरण्याची गरज भासली नाही. पाणी आज जरा जास्तच हिरवं वाटलं. दिव्याशिवाय निघणं बेजबाबदारपणाचं होईल. जयवंता म्हणाली, आपन दिवसा जाऊन राह्यलो, तं दिवा काऊन लागते? तिला धुक्याचा धोका समजावला. सप्टेंबरात धुकं पडत नाही, पण नियम तो नियम.

१७ सप्टेंबर.
निजामाबाद. दुकानदार म्हणाला, दस का ले जाव सेठ. दहाने बॅटरीचं पाणी उकळतं. चारने फार वेळ लागतो, आणि आपल्याकडे तेवढा वेळ करंट नसतो. म्हणून सहा. जवळजवळ ठरलंच. पण जवळजवळ ठरलेल्या गोष्टीवर घरी नीट विचार करावा, म्हणून रिकाम्या हाताने परतलो. प्रवास एकूण यशस्वी.

२८ सप्टेंबर.
भिवाजी मासेवाला दुकानात आला. म्हणे, शेट, बाईले मी माह्या डोंग्यात सोडून देतो, अर्ध्या घंट्याचं काम हाय. घरची शिडाची होडी असताना बायकोने डोंग्यात बसायचं? स्पष्ट नकार दिला. रात्री जयवंताने ताट पुढ्यात ठेवलं आणि उठून गेली. भाजीत मीठ नव्हतं. मागितलंही नाही.
संकल्प: १. दसऱ्याच्या आत चार्जर. २. पोहायला शिकणे. (दुसरा नंतर खोडला.)

१२ ऑक्टोबर.
चार्जर आला. सहा अँपिअर, काट्याचा मीटर, लाल बत्ती. देखणी वस्तू. चार दिवसांपासून गावात करंट नाही. लाइनमन तेलुगूत 'रेपु' म्हणतो, म्हणजे उद्या. रोजच म्हणतो.

१९ ऑक्टोबर.
करंट खंडेनवमीच्याच दिवशी आला. त्या दिवशी तराजू, मापं, विळा, अडकित्ता सगळं घासूनपुसून पूजेला मांडतो. यंदा चार्जरचाही मान राहिला पाहिजे, असं मीच बजावलं होतं. जयवंताने तोही हौदावर नेला, राखेने घासला, दोन बादल्या पाण्याने खळखळून धुतला आणि हळदकुंकू लावून तराजूशेजारी ठेवला. झेंडूचा हार शोभत होता. दसऱ्याच्या मुहूर्तावर प्लग लावला. एकच आवाज झाला आणि आळीतले सगळे बल्ब गेले. ती म्हणाली, तुमीच सांगतलं ना सारी अवजारं धुवाची. बरोबर आहे, पण तसं मी तिला म्हटलं नाही.

३ नोव्हेंबर.
चार्जर भैंशाच्या मेकॅनिककडे. तोही रेपु म्हणतो. महिपतचा दुसरा निरोप आला, आई जेवत नाही. जयवंता चुलीपुढे बसून पदराने डोळे पुसत होती. धूर नव्हता. मला फार वाईट वाटलं. भाऊबीज पक्की, असं सांगितलं.

८ नोव्हेंबर, भाऊबीज.
चार्जर काल आला, चालतो. काटा छान हलतो. जयवंता सकाळपासून गाठोडं बांधून तयार. भिवाजीलाही तिनेच बोलावलेलं. त्याने माझीच होडी पाण्यात ढकलली, शीड उभारायचंही नाव नाही, हातात नुसता बांबू. म्हणाला, बसा शेट. मी म्हटलं, बॅटरी अजून अर्धीच भरली आहे, अर्ध्या बॅटरीवर जोखीम नको.
जयवंता होडीत बसली. रागावली नव्हती. म्हणाली, तुमाले पान्याचं भेव वाटते, हे मले लग्नाच्या पयल्या वर्सापासून मालूम हाय. तुमी एकडाव तोंडानं सांगतलं असतं, तं मी कवाच भिवाजीसंगं गेली असती.
होडी दिसेनाशी होईपर्यंत काठावर उभा होतो. फार वेळ लागला नाही.

९ नोव्हेंबर.
खरं आहे. आठव्या वर्षी विहिरीत पडलो होतो, तेव्हापासून. वही माझी, वाचणारा मीच, तरी इतके दिवस इथेही लिहिलं नाही.

११ नोव्हेंबर. दुपारी १२.
भिवाजी होडी घेऊन परत आला. सासूबाई पहाटे गेल्या. तीन दिवस लेक उशाशी होती. दोन महिने राहिली असती. ते दोन महिने मी घालवले, दुसऱ्या कोणी नाही.
जावयासाठी थांबले आहेत, लवकर या, असा महिपतचा निरोप. बॅटरी पूर्ण भरली आहे. भिवाजीने ती होडीत नेऊन जोडली. गेला तासभर तो बांबू धरून उभा आहे आणि मी काठावर वही घेऊन बसलो आहे. त्याला म्हटलं, आधी दिवा लागतो का बघ. त्याने खटका दाबला. भर उन्हात लागला की नाही, ते इथून काही कळलं नाही.