माझ्या कामाची त्रेचाळीस कलमे

सोमवार, ३ फेब्रुवारी. दुपारी ४.२०
सरांनी केबिनमध्ये बोलावले. ग्रीन हायड्रोजनच्या प्रकल्पाला आणखी तीन वर्षांची मंजुरी आली. संशोधकाची एक जागा निघणार. सर म्हणाले, लॅबमध्ये रोज काय काय करावे लागते ते लिहून दे, जाहिरातीत घालू, तुझ्याइतके कोणाला माहीत. जागा कोणासाठी आहे हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगणार? चार वर्षे लॅब अटेंडंट म्हणून पाण्यातून हायड्रोजन काढणारे ते यंत्र मी एकट्याने चालवले आहे.
निश्चय : नेमणुकीचे पत्र हातात येईपर्यंत कोणालाही सांगायचे नाही.

त्याच दिवशी, रात्री ८.००
आईला सांगितले. ताईलाही. आईने विचारले, कॉलेज तर दुसऱ्या वर्षाला सोडलेस, मग कसे? ताई म्हणाली, हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे. घरचेच असे, तर बाहेरच्यांना काय बोलायचे.

बुधवार, ५ फेब्रुवारी
यादी आधी अकरा कलमांची झाली. पण मग वाटले, एवढ्यावर कोणीही म्हणेल की हे मीही करीन. म्हणून सगळे लिहिले. छतावरची सोलर पॅनेल पुसणे (आधी ओला कपडा, मग कोरडा). यंत्रात फक्त शुद्ध केलेले पाणी घालणे. हायड्रोजनच्या नळीचा प्रत्येक जोड साबणाच्या फेसाने तपासणे. दर अर्ध्या तासाला रीडिंग, दशांशानंतर तीन अंक. पंप अडकण्याआधी कसा घरघरतो तेही. एकूण त्रेचाळीस कलमे, सात पाने.
सर म्हणाले, अरे, एवढे सविस्तर कशाला? मग पान उलटले. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. म्हणाले, हे फारच उपयोगी आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
जाहिरात आली. कामाचे स्वरूप शब्दशः माझे. माझा मजकूर जिथे संपतो तिथून पुढे शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. पात्रता : डॉक्टरेट. तसे लिहावेच लागते. 'किंवा अनुभव' हे शब्द राहून गेले आहेत. जागा पुरली नसेल.

गुरुवार, २० फेब्रुवारी
अर्ज दिला. ऑफिसातल्या क्लार्कने विचारले, पदवीच्या रकान्यात 'शिक्षण चालू' लिहिलेय, कधीपासून चालू आहे? म्हटले, सहा वर्षे. तो म्हणाला, फारच सावकाश चाललेय हो. अर्ज त्याने गठ्ठ्यात न ठेवता बाजूच्या ट्रेमध्ये टाकला. माझा विचार स्वतंत्रपणे होणार.

सोमवार, ३ मार्च
मुलाखती. मला बोलावणे नव्हते. आतल्या माणसाची मुलाखत कशाला घेतील? सरांनी उमेदवारांसाठी खुर्च्या आणि पाणी ठेवायला सांगितले. ठेवले.
एक डॉक्टरेटवाली मुलगी पॅसेजमध्ये पाय हलवत बसली होती. म्हणाली, दादा, मी आजवर छोट्या यंत्रावरच काम केलेय, या मोठ्या यंत्राबद्दल आत काय विचारतील, काही कल्पना आहे का? दया आली. पंपाची घरघर तोंडाने काढून दाखवली. तिने दोनदा काढून पाहिली. दुसऱ्या वेळी बरोबर आली.

शुक्रवार, ७ मार्च
तिची निवड झाली. सर म्हणाले, पंपाबद्दल ती इतके अचूक बोलली की कमिटीने तिथेच नाव पक्के केले.
माझ्या अर्जाचे विचारले. सरांना खरेच आश्चर्य वाटले. म्हणाले, तू अर्ज केला होतास?
याला म्हणतात केसाने गळा कापणे. चार वर्षांत एक रीडिंग चुकवले नाही. लग्नाला गेलो तेव्हा, सख्ख्या ताईच्या, मांडवातून फोन करून वॉचमनकडून आकडे घेतले.
निश्चय : सोमवारपासून दशांशानंतर एकच अंक लिहायचा. कळू दे.

सोमवार, १० मार्च
तीन अंक लिहिले. एक अंक वहीत फार उघडा दिसत होता.
ती रुजू झाली. निश्चय : तिला काहीही शिकवायचे नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सतरा कलमे शिकवून झाली. नाइलाज होता. ती नळाचे पाणी घालायला निघाली होती.

सोमवार, २४ मार्च
ऑफिसचे पत्र. अटेंडंटची सर्व कामे नव्या पदाच्या कामात आलेली असल्यामुळे ३१ मार्चनंतर अटेंडंटची गरज उरत नाही. सोबत पुरावा जोडला आहे : सात पाने, माझी.
सरांकडे गेलो. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ऑफिसने कागद मागितले, मी फक्त पुढे पाठवले, माझ्या मनात तसे काही नव्हते. मी म्हटले, सर, निदान पहिली अकराच कलमे पाठवायची. ते म्हणाले, मला काय माहीत तू इतके काम करतोस.
आईला सांगितले. तिने ताट वाढले. ताईने फोनवर मेंढीचे नाव काढले नाही. त्याचा जास्त त्रास झाला.

सोमवार, ३१ मार्च. संध्याकाळी ५.३०
कपाटाची किल्ली दिली. सही केली. तिने नंबर मागितला, अडले तर विचारीन म्हणाली. दिला, पण मनात पक्के केले : फोन उचलायचा नाही. माणसाला काही स्वाभिमान असतो. सर मीटिंगमध्ये होते.

मंगळवार, १ एप्रिल. सकाळी ९.४०
९.०५ ला फोन आला. फिल्टर उघडत नव्हता. पहिल्याच रिंगला उचलला. तेहतीस मिनिटे बोललो, फिल्टर उघडला, रीडिंगही लिहून घेतले. उद्या आठपासून फोनजवळच बसेन असे तिला सांगितले.
तिने तसे विचारले नव्हते.