रंग बघून घेतलेल्या कोंबड्या

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? (नसेल तर त्यांनी विडी लपवायची जागा बदलली असणार, माळा बघ.) आम्ही दोघं ठणठणीत. अंगण तर असं सजलंय की येणारे-जाणारे सायकलवरून उतरून बघतात.

तीस वर्षं लोकांची घरं रंगवली, आता घरी बसून ओकंबोकं अंगण बघवेना. हिला म्हटलं, तुझा भाजीचा वाफा दे, ताजी अंडी देतो. तिनं दिला, पण दोन महिन्यांत अंडं दिसलं नाही तर कोंबड्या बाजारात, असं बजावून. मुदत या रविवारी संपतेय.

कोंबडीवाल्याकडे मी खिशात शेडकार्ड घेऊनच गेलो. तो सांगायला लागला, ही जात अंड्यांना चांगली, ती जात थंडीला टिकते. म्हटलं, बाबा रे, जात तू बघ, रंगाचं मला शिकवू नकोस. त्यानं दाखवलेल्या तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या) सगळ्या मळकट, नुसता प्रायमर मारून सोडून दिल्यासारख्या. त्या मी नाकारल्या आणि पलीकडच्या जाळीतल्या सात निवडल्या. एक सोनेरी मानेची, एक पांढऱ्यावर काळे ठिपके, एक निळसर राखाडी, एक काळी पण उन्हात हिरवी झाक मारणारी, अशा. तो काहीतरी बोलणार होता, मी हातानंच गप्प केलं.

गेल्या मंगळवारी सातही जणी एकदम आरवल्या. ताई, कोंबड्यांच्या जातीत सगळा रंग नरांच्या वाट्याला येतो, हे मला कुणी सांगितलंच नाही. (म्हणजे सांगू दिलं नाही.) हिला सांगितलंय की आरवतो तो एकच, बाकीच्या सूर धरतात. तिनं मान डोलावली. भोळी आहे. बाकी निवड म्हणून बघशील तर एकही नग वाया गेलेला नाही.

तुझा
धाकटा

ता.क. तुझ्या कोंबड्यांची सहा अंडी शनिवारच्या आत बसनं पाठव. धुऊ नकोस, जरा घाण लागलेली बरी. पार्सलवर 'औषध' लिही. खरं सांगतो, त्या निळसरावर माझा फार जीव जडलाय, तो बाजारात गेलेला मला सोसवणार नाही.

ता.क. वन्सं, पाकीट पोस्टात टाकायला यांनी माझ्याच हाती दिलंय. तुरे बघून मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. अंडी नकोत, दोन मळकट तलंगा पाठवा. कोंबडे कुठेही जात नाहीत, निळसर तर दुपारी माझ्या शिलाई मशीनखाली निजतो. यांना मात्र कळवू नका. रविवारपर्यंत जरा घाबरू देत.