ससाण्यांच्या पीसझडीची खोली

अल्लाहच्या नावाने. मी, वदीमा बिन्त सैफ, वय एकाहत्तर, राहणार अल ऐन, दिवंगत राशिद यांची पत्नी, हे मृत्युपत्र स्वतः सांगून लिहून घेत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत आहे.

१. राहते घर, खजुरीची बाग आणि बँकेतील शिल्लक मुलगा गानिम व मुलगी हस्सा यांना शरियतप्रमाणे मिळावी. त्यात मी ढवळाढवळ करत नाही.

२. जो एक तृतीयांश हिस्सा माझ्या मर्जीने देता येतो, त्यातून अंगणामागची खोली चालवण्याचा हक्क व तेथील सर्व सामान दाद करीम बलोच यांना देते. शिकारी ससाणे उन्हाळ्यात जुनी पिसे टाकतात, तेव्हा त्यांना ठेवण्याची ही खोली. शिकारीला राशिद जात, खोली मी बघत असे. बावीस उन्हाळे दाद करीम तिथे माझ्यासोबत पक्ष्यांची देखभाल करत आहेत. गानिमला तिथे गाडी ठेवायची आहे. गाडी उन्हातही राहते, पिसे टाकणारा पक्षी राहत नाही.

पक्षी एप्रिलअखेर आत घ्यावा. हवा गार, आवाज कमी, लाव्यांचे मांस पोटभर. नव्या पिसाच्या दांडीत रक्त असते, तोवर ती निळसर दिसते. दांडी पांढरी आणि कडक होईपर्यंत पक्ष्याला कोणी हात लावू नये, मग मालक कितीही मोठा असो.

३. माझे दीर मुसब्बह यांना मी काहीही ठेवलेले नाही. कारण लिहिणे भाग आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी राशिदची ससाण्याची मादी, गझवा, खोलीत होती. दोन नवी पिसे अजून रक्तावर होती. मुसब्बहना शर्यतीसाठी ती लवकर हवी होती. मी नको म्हटले. राशिदना भावाला नाही म्हणता आले नाही. मी माहेरी गेले असताना मुसब्बहनी तिला धरून बाहेर काढले. धडपडीत दोन्ही पिसे मोडली, रक्त वाहिले. ती पुन्हा कधी सरळ उडाली नाही. मजलिसमध्ये, चारचौघांच्या बैठकीत, मात्र त्यांनी सांगितले, की वदीमाने पक्षी बिघडवला. त्यानंतर तीन वर्षे या खोलीत कोणी ससाणा आणला नाही. राशिद गप्प राहिले. त्याचे मला जास्त लागले.

४. गेल्या वर्षी जुलैत मुसब्बह दारात आले. हातावर मादी होती, अर्धा उन्हाळा गेला तरी एकही पीस न टाकलेली. दोन ठिकाणी दाखवून झाले होते.

ते म्हणाले, "वहिनी, हिला ठेवून घ्या. दुसरीकडे न्यायला आता मला जागा नाही."

मी म्हटले, "ठेवते. पण मी सांगेपर्यंत तुम्ही आत पाऊल टाकायचं नाही."

"बाहेर बसलो तर चालेल?"

"बाहेर खुर्ची आहे."

दर शुक्रवारी ते येऊन बसत. दाद करीम त्यांना कॉफी देत आणि काय ते सांगत. सहा आठवडे सांगण्यासारखे काही नव्हते. मी खाणे बदलले, दिवे जास्त वेळ चालू ठेवले, खोलीत जाणे कमी केले. ऑगस्टच्या अखेरीस डाव्या पंखाचे मधले पीस खाली पडलेले दिसले, दुसऱ्या दिवशी उजव्याचे. दाद करीमनी दोन्ही बाहेर नेऊन दिली. मुसब्बह बराच वेळ ती हातात धरून बसले, असे त्यांनी मला सांगितले. डिसेंबरात मादी पूर्ण नव्या पिसांनी बाहेर आली. आज ती उडते आहे.

एवढे झाले तरी मजलिसमधले ते बोलणे त्यांनी मागे घेतले नाही. म्हणून ते इथे लिहिले. हिस्सा मिळणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकील म्हणाले. मुसब्बहना काही मिळत नाही, म्हणून सही त्यांचीच घेते. वाचल्याशिवाय सही करता येणार नाही.

ठिकाण : अल ऐन. २५ रबी-उस्सानी १४४५, ९ नोव्हेंबर २०२३.

सही : वदीमा बिन्त सैफ

साक्षीदार : उबैद बिन सुहैल, शेजारी

साक्षीदार : मुसब्बह बिन हुवैदिन. कलम तीन वाचले. खरे आहे. या शुक्रवारी मजलिसमध्ये सर्वांसमोर मी स्वतः सांगेन. वहिनींनी यावे.